चंद्रावरची जागा

सोलापूरहून परत आल्यावर चिपळुणात मला प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : चादर आणलीस का? आणली, दोन आणल्या. पण मी गेले होते चंद्र दाखवायला, असं म्हटलं की समोरचा जरा थांबायचा आणि विचारायचा, "का? चिपळुणात चंद्र नाही?" आहे की. फक्त वर्षातले चार महिने तो ढगांमागे असतो, उरलेल्या महिन्यांत दुर्बिणीवर दव बसतं, आणि दुर्बीण पेटीत घालून ठेवली तर आरशावर बुरशी येते. कोकणात राहून दुर्बीण बाळगायला हौसेपेक्षा सहनशक्ती जास्त लागते. म्हणून जानेवारीत, कोरड्या आभाळाच्या ओढीने, मी घाट चढून गेले.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता काढता मला आरसे घासायचा नाद लागला. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मधे घासायची पूड आणि पाणी टाकायचं आणि एक चकती दुसरीवर महिनोन्‌महिने पुढे-मागे करत राहायचं. एक चकती हळूहळू खोलगट होते. किती, तर मधोमध नाण्याच्या जाडीइतकी. पण शेवटचा हात चुकला तर तारा ताऱ्यासारखा दिसत नाही, सांडलेल्या दुधासारखा पसरतो. माझा हात चुकलेला नाही. हे मी नम्रपणे सांगत नाहीये.

माझा आरसा आठ इंची आहे. तो एका लांब नळ्याच्या तळाशी बसतो. चंद्राचा उजेड वरून आत येतो, आरशावर पडून एका ठिकाणी गोळा होतो, वाटेतला छोटा तिरका आरसा त्याला बाजूला वळवतो, आणि तिथे लावलेल्या छोट्या भिंगाला, म्हणजे आयपीसला, आपण डोळा लावतो. लोकांना वाटतं, दुर्बीण म्हणजे मोठं करून दाखवणारं यंत्र. ते तिचं दुय्यम काम. खरं काम उजेड गोळा करण्याचं. अंगणात पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साचेल? डोळ्याची बाहुली ही वाटी आणि माझा आरसा ही परात. एवढं कळलं की दुर्बीण निम्मी कळली. उरलेली निम्मी, म्हणजे दुर्बिणीला काय जमत नाही ते, मी या प्रवासात लोकांना सांगत हिंडले.

निमित्त झालं वाघमोडे. हे पूर्वी चिपळूणच्या एका बँकेत होते, आता बदली होऊन सोलापुरात असतात. चष्मा करायला आले आणि माझ्या अंगणात चंद्र बघून गेले. काही महिन्यांनी एक फोन आला.

"बाई, मी वाघमोड्याचा मामा बोलतुया, माळशिरसकडनं. तुमच्या दुर्बिणीतनं चंद्रावरलं सगळं दिसतं म्हनं?"

"बरंच दिसतं," मी म्हटलं.

"मग या की आमच्याकडं. हुरडा हाय."

आमच्या कोकणात पाहुण्याला आधी 'कधी परत जाणार' असं विचारतात. इथे न पाहिलेला माणूस फोनवर हुरड्याला बोलावत होता. मी लगेच हो म्हटलं.

सोलापूर

आरसा मी नळ्यातून काढून, दोन गोधड्यांत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणला. कंडक्टरने विचारलं, "आत काय, पुरनपोळीची परात का?" मी आरसा म्हटल्यावर त्याने केस नीट केले.

वाघमोड्यांकडे सकाळी कडक भाकरी समोर आली. मला वाटलं कालची उरलेली. नाही, ती तशीच करतात. पातळ, खणखणीत, महिनाभर टिकणारी. सोबत शेंगांची चटणी, वर दही. चटणी नुसती कुटलेली, पण तेल सुटलेली, आणि तिखट अशी की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाघमोडेवहिनी म्हणाल्या, "हे तर पाहुण्यांसाठी कमी तिखट केलंय की!" दुसरी भाकरी मी मागून घेतली.

संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर दुर्बीण लावली. चंद्र षष्ठीचा, झकास. पण मला त्यांना मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवायचा होता, आणि तिथे शहर आडवं आलं. रस्त्यांवरच्या दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर चढतो आणि आभाळ राखाडी होतं. माझी परात चांगली आहे, पण तिच्यात ताऱ्यांचा उजेड पडतो तसा दिव्यांचाही पडतो. आरसा निवड करत नाही. शेजारच्या काकू, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी बोलणाऱ्या, आयपीसला डोळा लावून म्हणाल्या, "हे धुरकट काय आहे ते? मोबाईलवर तर गुलाबी असतं."

मी समजावलं की गुलाबी रंग कॅमेऱ्याला दिसतो, कारण तो बराच वेळ उजेड साठवत बसतो. आपला डोळा साठवत नाही, आणि इतक्या अंधुक उजेडात त्याला रंगही कळत नाहीत. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आम्ही मोबाईलवरच बघतो." चंद्र मात्र त्यांनी पुन्हा रांगेत उभं राहून दोनदा बघितला.

टेंभुर्णीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी वाघमोड्यांच्या गाडीतून निघालो. मोहोळ गेलं, टेंभुर्णीला चहा झाला. पुढे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागे लाल दिव्याऐवजी एक जुनी सीडी लटकवलेली. ती उन्हात चमकली की मागच्याने समजायचं. आरशाचा इतका स्वस्त उपयोग मला कधी सुचला नसता.

एका ट्रॉलीच्या मागे अडकलेलो असताना वाघमोडे घसा खाकरून म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहिलं."

राहिलेलं असं : मामांची, म्हणजे बिराआबांची मुलगी सुरेखा सोलापुरात आयटीआय करून बंगळूरला एका कारखान्यात मशीनवर काम करते. आपलं यान चंद्रावर उतरलं, त्यात बसवलेल्या काही धातूच्या कड्या त्या कारखान्यात झाल्या, आणि त्यांतल्या काही सुरेखाच्या मशीनवर. आबांनी ही गोष्ट आख्ख्या वस्तीला सांगितली आहे. आणि आता दुर्बीण येणार, तिच्यातून यान दिसणार, हेही सांगितलं आहे.

"त्यांना कुणी सांगितलं यान दिसणार म्हणून?"

वाघमोडे स्टिअरिंगकडे बघत राहिले. "ताई, तुमच्या अंगणात मला चंद्रावरचे डोंगर दिसले. डोंगर दिसतात म्हटल्यावर यान का दिसणार नाही? यान तर चमकतं."

अकलूजपर्यंत मी ट्रॉल्यांमागच्या सीड्या मोजल्या. राग त्यांच्यावर होता आणि काळजी त्या न पाहिलेल्या आबांची होती. लोकांना बोलावून ठेवलेल्या माणसाला 'तुमचा शब्द खोटा ठरणार' हे सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं.

वस्ती

माळशिरस मागे टाकून माळावर चढलो की ऊस संपतो. मग ज्वारी, आणि ज्वारीही संपली की कुसळं, दगड आणि मेंढरं. मी भातखाचरांत वाढलेली. इतकं रिकामं रान मला आधी उदास वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. चारी बाजूंनी आभाळ जमिनीला टेकलेलं बघून मी गाडीतच टाळी वाजवली. आमच्याकडे एवढं आभाळ बघायला समुद्रावर जावं लागतं.

बिराआबा फाट्यावर उभे होते. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी, उंच आणि वाळलेला माणूस. पहिलं काय केलं, तर मला नवीन घराच्या स्लॅबवर नेलं. वर धुऊन स्वच्छ केलेलं, कोपऱ्यात खुर्ची, तिच्यावर नवी चादर. "दुर्बीण हितं. उंचावर."

मी नाही म्हटलं. मोठेपणा म्हणून नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, ती गरम हवा नळ्यासमोरून वर जाते, आणि चंद्र वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या खड्यासारखा हलतो. "आबा, मोकळी माती हवी."

"मग खळं हाय की," ते म्हणाले. जराही वाईट वाटून न घेता त्यांनी खुर्ची उचलली आणि खाली आले.

दुपारी शेतात हुरड्याला बसलो. खड्ड्यात गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे, त्यात खुपसलेली ज्वारीची कणसं. गरम कणीस तळव्यात चोळायचं, कोवळे हिरवे दाणे सुटतात, ते गूळ किंवा चटणीबरोबर खायचे. मी चोळलं तर तळवा भाजला आणि दाणे जमिनीवर. आबांनी माझ्यासमोर ढीग लावून दिला. स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. पाहुणा खाऊन उठल्याशिवाय घरच्याने खायचं नाही, ही तिथली रीत. मी भराभर खाल्लं, मग हात पुसले आणि सांगून टाकलं.

"आबा, यान दिसणार नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत, फक्त हळू झाले. "आज न्हाय, का कदीच न्हाय?"

"कधीच नाही. माझ्या दुर्बिणीतून नाही आणि जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्याही नाही."

मग मी त्यांना नीट सांगितलं. आरसा जितका रुंद, तितकं बारीक दिसतं. माझ्या आरशातून चंद्रावरची जी सगळ्यात बारीक गोष्ट वेगळी ओळखू येते, ती इथल्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढी असते. यान बैलगाडीएवढं. भिंग बदलून चित्र मोठं करता येतं, पण मग पुसटपणाच मोठा होतो. यान दिसायला मैदानाएवढा आरसा लागेल, आणि तो केला तरी डोक्यावरची हवा हलतच राहणार.

"मग हाय कशावरनं तितं?" आबांनी विचारलं.

"चंद्राभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाने जवळून फोटो काढलाय. आहे ते. मी पाहिलाय."

त्यांनी आणखी एक कणीस काढून चोळलं. नंतर जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता. सुरेखाला शिकायला पाठवलं तेव्हा वस्तीत कुणाला पटलं नव्हतं. सगळ्यांत मोठ्याने बोलणारे त्यांचे चुलतभाऊ यशवंततात्या. अजूनही चारचौघांत बसले की तात्या म्हणतात, "आबाच्या पोरीचा नट चंद्रावर, अन् आमच्या पोरींची पोरं अंगनात." लोक हसतात. आबाही हसतात.

"आज त्यास्नी दावायचं हुतं," आबा म्हणाले. "बास, येवडंच."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, लोक जमले की मीच सगळ्यांना समजावून सांगते, तुमच्यावर येऊ देणार नाही. त्यांनी मान हलवली.

"तुमी काय सांगू नगा. शबुद माजा हाय. मी सांगतो."

खळं

दिवस मावळायच्या आधीच माणसं आली. खळ्यावर शेणाचा सडा टाकलेला, धूळ बसलेली, मी खूश. तेवढ्यात मला थंडी वाजू नये म्हणून कुणीतरी दुर्बिणीला खेटूनच शेकोटी पेटवली. ती मी ओरडून लांब हलवायला लावली. "बाईला गारठ्याची सवय हाय वाटतं," एक बाई म्हणाली. मला सवय नव्हती, मी कुडकुडत होते. पण आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला होता आणि सप्तमीचा चंद्र स्थिर होता. तसा चंद्र मी चिपळुणात कधी पाहिलेला नाही. दक्षिणेच्या काठावरची विवरं एकात एक घुसलेली, प्रत्येकाची सावली काळीभोर.

आरशांच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून दक्षिण वर. यान उतरलं ती जागा, वरच्या काठापासून जरा आत, एका मोठ्या लांबट विवराच्या शेजारी. मी ती मधोमध आणून ठेवली, कुठे ते आबांना तोंडी सांगितलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते आता बोलतील असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही.

पण वयाचा मान तात्यांचा, आणि ते बोलावण्याची वाट न बघता पुढे आले. जाड मिशा, मोठा आवाज. आयपीसला डोळा लावला. मग डोकं वर केलं आणि माझ्याकडे नाही, आबांकडे पाहिलं. आबांचा चेहरा त्यांनी नीट पाहिला असावा.

"दिसलं की!" तात्या गरजले. "आपल्या सुरेखाचं यान. हाय तितं. चकाकतंय!"

खळ्यावर एकच गलका झाला. तात्यांच्या मागून त्यांची सून आली, तिलाही दिसलं. तिच्या मागच्या बाईला दिसलं. एकाला चाकं दिसली. एका म्हातारीने तर झेंडा पाहिला आणि त्याला हात जोडले. कुणी एकमेकांशी ठरवलं नव्हतं. तात्यांनी दिसलं म्हटल्यावर 'मला दिसलं नाही' म्हणणं म्हणजे आबांच्या लेकीला नाही म्हणणं, एवढं तिथे प्रत्येकाला कळत होतं. सहा महिने घासलेल्या माझ्या आरशातून आख्खी वस्ती खोटं बघत होती, आणि मला राग येत नव्हता. तरी मला गप्प राहवेना. मी बोलणार तोच आबांनी माझ्याकडे बघून हात वर केला. थांबा.

घरचा माणूस शेवटी. सगळे बघून झाल्यावर आबा आले. चंद्र सरकला होता, मी तो पुन्हा मधे आणून दिला. त्यांनी फेटा मागे सारला, वाकले, आणि इतका वेळ बघितलं की मागची कुजबुज थांबली. मग ते सरळ झाले.

"मला न्हाय दिसलं."

"नीट बघ की," कुणीतरी म्हणालं.

"नीट बघितलं."

"आबा, मोतीबिंदू आला असंल तुला," तात्या म्हणाले. लोक हसले. हे आबांसाठी उघडं ठेवलेलं दार होतं. त्यांनी नुसतं हसायचं होतं.

"मोतीबिंदू न्हाय, तात्या. बाईंनी मला दुपारच्यालाच सांगितलंया. यान हितनं दिसत न्हाय. कुनालाच दिसत न्हाय. मी दिसंल म्हनलो ते चुकलं माजं."

ज्याने चाकं पाहिली होती तो शेकोटीकडे बघू लागला. तात्या दोन पावलं पुढे आले आणि हळू आवाजात, जो त्यांचा आवाज वाटतच नव्हता, म्हणाले, "आरं, मग मी कशापायी बोललो? तुजी मान खाली जाऊ ने म्हनून बोललो."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "पर पोरीनं काम खरं केलंया, तात्या. त्याला खोटी साक्ष कशाला?"

तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. मला वाटलं ते निघून जाणार. ते दुर्बिणीजवळ गेले.

"मग ती जागा तरी नीट दाव. मगाशी मी नुसताच बघत हुतो."

आबांनी त्यांना जागा दाखवली. वरला काठ, त्याच्या खाली लांबट विवर, त्याच्या शेजारी. मी एकदाच सांगितलेलं त्यांच्या पक्कं लक्षात होतं. चंद्र सरकला की नळा किती ढकलायचा हेही त्यांनी बघून घेतलं होतं. मग पुन्हा रांग लागली, या वेळी खरी, आणि प्रत्येक जण मला न विचारता आबांना विचारत होता, "आबा, नेमकं कुटं?" मला कुणीतरी हातात चहा दिला आणि बाजूला बसवलं. माझ्या दुर्बिणीजवळ मलाच जागा उरली नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

अशात वाघमोड्यांचा फोन वाजला. सुरेखाची कारखान्यातली पाळी सुटली होती. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकून आबांसमोर धरला.

"आबा, दिसलं का?"

"न्हाय दिसलं," आबा म्हणाले. "दिसत नसतंय म्हनं. जागा बघितली."

तिकडून ती मोकळेपणाने हसली. "मी केलेल्या कड्या मला तरी कुटं दिसल्या परत? डब्यात घालून नेल्या त्या नेल्या. जागा कशी हाय, आबा?"

आबांनी तात्यांना हाताने बाजूला केलं, वाकून पुन्हा एकदा आयपीसला डोळा लावला, आणि लेकीला द्यायचं घर बघून आलेला बाप सांगतो तसं, एकेक बघून सांगितलं.

"खडकाळ हाय. पानी न्हाय. शेजार न्हाय. पर पोरी, उजेडात हाय."

"मग बास की, आबा," सुरेखा म्हणाली.